चुकिकामाताची खनिजे : नामकरणाचा एक इतिहास

खनिजांची सूची ही सामान्यतः साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरची वस्तू मानली जाते. तथापि प्रत्येक खनिजनाम हे कोणीतरी, कोणत्या तरी भाषेत, विशिष्ट काळी दिलेले असते. त्या अर्थाने अशी सूची हीही एक संहिताच होय. उत्तर चिलीतील आटाकामा वाळवंटात असलेल्या चुकिकामाता येथील तांब्याच्या उघड्या खाणीची खनिजसूची या दृष्टीने वाचली असता, तीत खाणीच्या स्वामित्वाचा इतिहास नोंदला गेल्याचे आढळते.

या सूचीच्या समृद्धीचे कारण तेथील हवामानात आहे. भूपृष्ठाजवळ तांब्याच्या सल्फाइडांचे अपक्षयन होऊन जे क्षार निर्माण होतात, ते पर्जन्यमय प्रदेशात पाण्याबरोबर वाहून जातात. आटाकामात पाऊस जवळजवळ पडतच नसल्याने ते जागीच साचून राहिले. अँटलराइट, ब्रोकँटाइट, आटाकामाइट, चाल्कँथाइट ही हिरवी-निळी खनिजे येथे विपुल सापडली. अन्यत्र अतिदुर्मिळ असणारी तांब्याची आयोडेटेही आढळली. अँटलराइट सौम्य गंधकाम्लात सहज विरघळते. त्यामुळे दगडातील तांबे विरघळवून ते विद्युत्‌विच्छेदनाने वेगळे करणे शक्य झाले, आणि 1915 मध्ये गुगेनहाइम कुटुंबाच्या चिली एक्सप्लोरेशन कंपनीने या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

या खनिजांची नावे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार रूपावरून दिलेल्या नावांचा. ‘चाल्कँथाइट’ या नावाच्या मुळाशी ‘तांब्याचे फूल’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. हेच द्रव्य मराठीत ‘मोरचूद’ म्हणून परिचित आहे. द्राक्षबागायतदार ते चुन्यासह बोर्डो मिश्रणात वापरतात. रसशास्त्रात त्यालाच ‘मयूरतुत्थ’ असाही पर्याय आहे. एका भाषेला त्या निळ्या स्फटिकात फूल दिसले, दुसरीला मोराचा कंठ. दोन्ही ठिकाणी नाव देणाऱ्याने पदार्थाकडे पाहिले आहे. दुसरा प्रकार स्थानावरून दिलेल्या नावांचा. आटाकामाइटला वाळवंटाचे नाव मिळाले. अँटलराइटचे नाव मात्र अ‍ॅरिझोनातील अँटलर खाणीवरून आले. चुकिकामाताच्या ऑक्सिडीभूत थरातील हे प्रमुख धातुक दुसऱ्या देशातील खाणीच्या नावाने ओळखले जाते.

तिसरा प्रकार व्यक्तिनामांचा, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो सर्वाधिक महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोन्काइटला त्याचे प्रथम विश्लेषण करणाऱ्या रसायनज्ञाचे नाव मिळाले. 1923 मध्ये खाण अमेरिकेतील अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या ताब्यात गेली. त्यानंतर 1935 मध्ये लिंडग्रेनाइट, 1938 मध्ये लेइटोनाइट, 1939 मध्ये सेल्साइट आणि 1940 मध्ये बेलिंजराइट अशी चार नवी खनिजे येथून वर्णिली गेली. वाल्डेमार लिंडग्रेन हे धातुकनिक्षेपांचे ख्यातनाम अभ्यासक. रेनो सेल्स हे अ‍ॅनाकोंडाचे प्रमुख भूवैज्ञानिक. हर्मन बेलिंजर हे चिली एक्सप्लोरेशन कंपनीचे धातुशास्त्रज्ञ व उपाध्यक्ष. चौघांपैकी केवळ तोमास लेइटोन हे चिलीतील प्राध्यापक होते. या नामकरणात शास्त्रीय शिष्टाचाराचा भंग कोठेही नाही. मात्र सन्मानास पात्र कोण, याची कल्पना खाणीचे दप्तर, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्या सीमेत राहिली. कुदळ चालवणारा तीत नव्हता.

खाणीच्या इतिहासातील सर्वांत जुना ज्ञात कामगार तर नावाविनाच उरला आहे. 1899 मध्ये येथील रेस्ताउरादोरा खाणीत एक प्राचीन मृतदेह सापडला. भुयार कोसळून दगावलेला हा खाणकामगार इसवी सन 550 च्या सुमाराचा असल्याचे पुढे कार्बन-कालमापनावरून ठरले. त्याच्याजवळ दांडा बसवलेले दगडी हातोडे आणि टोपल्या होत्या; तांब्याच्या क्षारांमुळे त्याच्या त्वचेला हिरवट छटा आली होती. त्याचे प्रदर्शन मांडले गेले, विक्री झाली, आणि 1905 मध्ये तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या संग्रहात गेला. ‘तांब्याचा माणूस’ हेच त्याचे नाव झाले. खनिजाला माणसाचे नाव आणि माणसाला धातूचे नाव, असा हा विपर्यास आहे.

या पार्श्वभूमीवर पाब्लो नेरूदांच्या ‘कांतो हेनेराल’ (1950) या महाकाव्याच्या आठव्या भागाची रचना लक्षणीय ठरते. 1945 मध्ये नेरूदा ज्या मतदारसंघातून सिनेटवर निवडून आले, त्यात चुकिकामाता त्या वेळी ज्या प्रांतात होते तो आंतोफागास्ता प्रांतही होता. या भागातील बहुसंख्य कवितांचे शीर्षक म्हणजे एकेका श्रमिकाचे नाव, आणि पुष्कळदा कंसात त्याचा व्यवसाय किंवा ठिकाण. त्यांपैकी एक नाव एउफ्रोसिनो रामिरेझ, ठिकाण ‘कासा वेर्दे, चुकिकामाता’ असे आहे. तांब्याचे तापलेले पत्रे हातांनी उचलण्याचा अनुभव तेथे कामगाराच्याच तोंडून येतो. नाव आणि प्राप्तिस्थान ही खनिजसंग्रहातील चिठ्ठीचीही मांडणी असते. नेरूदांनी ती जाणून स्वीकारली असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु सेल्साइट व बेलिंजराइट यांच्या नामकरणानंतर अवघ्या दशकभरात त्याच खाणीची ही दुसरी नामसूची सिद्ध झाली, हे कालानुक्रमावरून स्पष्ट आहे.

11 जुलै 1971 रोजी चिलीच्या संसदेने तांब्याच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण एकमताने संमत केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वसलेली कामगारवसाहत 2007-08 च्या सुमारास रिकामी होऊन रहिवासी कालामा शहरात गेले, आणि 2019 मध्ये खाणीच्या भूमिगत पर्वाला प्रारंभ झाला. स्वामित्व बदलले, वस्ती उठली, उत्खननाची पद्धतही पालटली. खनिजांची नावे मात्र शास्त्रातील अग्रक्रमाच्या संकेतानुसार तीच राहिली. म्हणूनच त्या खाणीच्या स्मृतीचा शोध घेणाऱ्या तौलनिक अभ्यासकाला खनिजकोश आणि काव्य ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचावी लागतात. पहिल्यात कोणाचे नाव टिकले ते दिसते. कोणाचे टिकले नाही, हे दुसऱ्याच्या साहाय्यानेच कळते.