प्लॅटिनमवरचे बुडबुडे

साल १९६७. टोकियो विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत तुम्ही श्वास रोखून उभे आहात. काचेच्या भांड्यात क्षारयुक्त पाणी आहे. त्यात बुडवलेला टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक तारेनं प्लॅटिनमला जोडलाय. हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे, घराच्या भिंतीला पांढरेपणा देणारा. शेजारी पंचविशीतला अकिरा फुजिशिमा उभा आहे, केनिची होंडांचा विद्यार्थी. तो झेनॉनचा दिवा लावतो.

स्फटिकावर बुडबुडे धरतात. प्लॅटिनमवरही.

डोळे चोळू नका, नीट बघा. स्फटिकावरून प्राणवायू सुटतोय, प्लॅटिनमवरून हायड्रोजन. एरवी प्राणवायू सुटायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याच्या कितीतरी खाली हे घडतंय. उरलेलं काम उजेड करतोय. प्रकाशकण स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो. ती रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि उठलेला इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमकडे धावतो. दिवा मालवल्यावर स्फटिक बाहेर काढून बघा, चकाकी तशीच! झिंक ऑक्साइड असतं तर या उजेडात विरघळत गेलं असतं. मला बुडबुड्यांपेक्षा या चकाकीचंच अप्रूप जास्त वाटतं. स्वतः न झिजता दुसऱ्याकडून काम करवून घेणं, उत्प्रेरकाचा खरा गुण तो हाच.

बाहेरच्या जाणकारांना हे लवकर पटत नाही. १९७२मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून येतो, पुढच्याच वर्षी तेलाचं संकट कोसळतं आणि जग या बुडबुड्यांकडे आशेनं पाहू लागतं.

आता गच्चीवर चला. ऊन रणरणतंय. तापवून ऑक्साइडचा थर चढवलेला टायटॅनियमचा पत्रा पाण्यात ठेवलाय. दिवसभर थांबलात, तर चौरस मीटरमागे सातेक लिटर हायड्रोजन जमेल. तेवढ्यात चूल किती वेळ पेटणार? हा पदार्थ फक्त अतिनील किरणं टिपतो आणि उन्हात ती शंभरात चार-पाचच. फुजिशिमांच्या चेहऱ्यावरची निराशा तुम्हाला दिसते. मलाही ती लागते.

म्हणूनच नव्वदच्या दशकातल्या जपानी बोगद्यात क्षणभर थांबा. दिव्यांच्या काचांवर गाड्यांच्या धुराची काजळी बसायची, उजेड मंदावायचा. आता काचेवर त्याच ऑक्साइडचा पातळ थर आहे. इंधनाला अपुरी पडलेली किरणं इथे पुरतात, कारण खायचंय ते काजळीचं जेमतेम पापुद्र्याएवढं पटल. दिव्याच्याच उजेडात ते जळून जातं. हरलेला प्रयोग इथे कामाला लागलाय, बोगद्यातून जाणाऱ्या कुणाला त्याचा पत्ताही नाही.

शेवटी २०२१, जपानमधलंच काकिओका. १०० चौरस मीटरवर मांडलेली पॅनेल, आत स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची पूड आणि पाण्याचा पातळ थर. कार्यक्षमता ०.७६ टक्के. आकडा इवलासाच आणि ही पूडही अतिनीलच टिपते. पण वाका, काचेला नाक लावा. तारा नाहीत, दिवा नाही, फक्त ऊन आहे, आणि बुडबुडे वर येतायत.