श्रमसंस्कार छावणी, सोमनाथ

श्रमसंस्कार छावणी हे महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे भरणारे युवकांचे निवासी उन्हाळी शिबिर आहे. समाजसेवक बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सुरू केले. वरोरा येथील महारोगी सेवा समिती त्याचे आयोजन करते. शिबिराचा पारंपरिक कालावधी १५ ते २२ मे असा आहे.

स्थान

सोमनाथ प्रकल्प ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या वनक्षेत्रात आहे. जवळच सोमनाथाचे मंदिर व धबधबा आहे. शासनाकडून मिळालेली ही जमीन कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींनी लागवडीखाली आणली. भात हे येथील मुख्य पीक आहे. तरुणांसाठी येथे 'श्रमिक विद्यापीठ' उभारण्याची आमटे यांची कल्पना होती. छावणी त्याच कल्पनेशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

परस्परांना अपरिचित तरुणांनी एकत्र राहून विनावेतन शारीरिक श्रम करावेत, या पद्धतीचा एक स्रोत क्वेकर पंथाशी जोडलेला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेला हा ख्रिस्ती पंथ साधेपणा, शांतता, सचोटी, सामूहिकता आणि समता या मूल्यांवर भर देतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्विस अभियंता पिएर सेरेसोल (१८७९–१९४५) यांनी फ्रान्समधील व्हर्दूंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात पुनर्बांधणीचे शिबिर भरविले. त्यात इंग्लिश क्वेकर ह्यूबर्ट पॅरिस यांचा सहभाग होता. या शिबिरातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना आकारास आली. सेरेसोल पुढे स्वतः क्वेकर झाले. १९३४ च्या भूकंपानंतर त्यांनी बिहारमध्येही पुनर्वसनाचे काम केले.

१९५० च्या दशकात या संघटनेच्या विविध देशांतील स्वयंसेवकांनी आनंदवनात बांधकामासाठी श्रम केले. कुष्ठरोग्यांनी पिकविलेले अन्न हे पाहुणे निःशंकपणे खात. त्यामुळे परिसरातील लोकांच्या मनातील भीती कमी होण्यास मदत झाली.

स्वरूप

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जात असल्याने श्रमदान पहाटे सुरू होते. बांध घालणे, तळ्यांतील गाळ काढणे, खोदकाम अशी जल व मृदसंधारणाची कामे केली जातात. उर्वरित वेळ व्याख्याने, गटचर्चा व समूहगीतांसाठी असतो. जात, धर्म, शिक्षण किंवा आर्थिक स्थिती यांवरून कामाची विभागणी होत नाही. कुष्ठमुक्त शेतकऱ्यांच्या वसाहतीत राहून काम करणे हे या शिबिराचे वैशिष्ट्य होय. येथे सुशिक्षित तरुण मदत करणारा म्हणून नव्हे, तर शिकाऊ म्हणून येतो. शेतीचे ज्ञान यजमानांकडे असते.

क्वेकर उन्हाळी शिबिरांशी तुलना

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात केन आणि सुसान वेब या दांपत्याने १९३९ मध्ये 'फार्म अँड वाइल्डरनेस' ही क्वेकर मूल्यांवर आधारित शिबिरे सुरू केली. रानातील साधे राहणे, शेतकाम आणि सामूहिक मौन ही त्यांची अंगे आहेत. साधेपणा, समता व हातांनी काम करण्याची प्रतिष्ठा या बाबतींत सोमनाथची छावणी त्यांच्याशी मिळतीजुळती आहे. मात्र ती क्वेकर संस्था नाही. तिच्यामागे प्रामुख्याने गांधीविचार आणि आमटे यांचा कुष्ठसेवेतील अनुभव आहे. व्हरमाँटमधील शिबिरे प्रामुख्याने बालके व किशोरांसाठी असतात, तर सोमनाथची छावणी युवकांसाठी आहे. तेथे मौनाला जे स्थान आहे, ते येथे सामूहिक श्रम व संवादाला आहे.

प्रभाव

छावणीच्या संपर्कात आलेल्या काही तरुणांनी पुढे सामाजिक कार्याला वाहून घेतले. १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाला अशा कार्यकर्त्यांची साथ लाभली. १९८५-८६ मध्ये आमटे यांनी तरुणांसह कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' ही सायकल यात्रा काढली. तरुणांना सोबत घेऊन काम करण्याच्या याच विचाराचा तो व्यापक आविष्कार होता.

हेही पहा

आनंदवन
बाबा आमटे
लोक बिरादरी प्रकल्प
नई तालीम