ब्राऊन सरांचा शेवटचा तास

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला 'माइंड युअर लँग्वेज' ठाऊक नाही असं सहसा होत नाही. टीममध्ये कुणीतरी रणजीतची "हजार वेळा क्षमा" वाली नक्कल करणारा असतोच. पण ही मालिका संपली कशी असं विचारलं की सगळे गप्प! ती गोष्ट मालिकेइतकीच मजेशीर आहे, आणि जराशी कडूही.

तर मंडळी, ३० डिसेंबर १९७७. लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर पहिला भाग लागला. लेखक विन्स पॉवेल. परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकवणारी संध्याकाळची शाळा आणि तिथले तरुण ब्राऊन सर, म्हणजे बॅरी इव्हान्स. जपानी तारो प्रत्येक शब्दाला 'ओ' लावणार, चिनी सू-लीच्या हातात माओचं लाल पुस्तक, आपली जमिला वर्गात बसून विणकाम करणार. शीख रणजीत झालेला अल्बर्ट मोझेस जन्माने श्रीलंकेचा, आणि पाकिस्तानी अली झालेला डीनो शफीक ढाक्याचा. लंडनहून बघितलं की आपण सगळे सारखेच!

१९७९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर मोठा संप झाला. तो २४ ऑक्टोबरला मिटला आणि त्याच आठवड्याच्या शेवटी मालिकेचं तिसरं पर्व सुरू झालं. ओळीने आठ शनिवार. १५ डिसेंबरला एकोणतिसावा भाग लागला आणि खेळ खलास. प्रेक्षक कमी झाले म्हणून नव्हे. वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांना त्यातलं परदेशी लोकांचं साचेबंद चित्रण अपमानकारक वाटलं आणि त्यांनी मालिका थांबवली, असं सांगितलं जातं. पुढे १९८६ मध्ये आणखी १३ भाग निघाले, पण आयटीव्हीच्या सगळ्या विभागांनी ते दाखवलेसुद्धा नाहीत. बॅरी इव्हान्सला नंतर फारशी कामं मिळाली नाहीत, तो टॅक्सी चालवायचा. १९९७ मध्ये गेला, वयाच्या ५३ व्या वर्षी.

आता ग्रेडसाहेबांचं बरोबर की चूक? माझं मत सांगतो. विद्यार्थी चुकतात हा काही दोष नव्हे. चुकल्याशिवाय भाषा येतच नाही. खरी गोम अशी की या वर्गात कुणालाही काही येऊन चालणारच नव्हतं. तारोचा 'ओ' सुटला की तारो संपला. परीक्षेत नापास होऊन सगळे पुन्हा त्याच बाकांवर. आमच्या भाषेत सांगायचं तर अनंत लूप, बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही. अशा मालिकेला शेवटचा भाग असूच शकत नाही. ती बाहेरून कुणीतरी बंदच करावी लागते.

हीच कल्पना १९९३ मध्ये मुंबईत आली, दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर. 'जबान संभालके'. दिग्दर्शक राजीव मेहरा, मास्तर पंकज कपूर, भाषा हिंदी. मुख्याध्यापिका शुभा खोटे, वर्गात त्यांचे भाऊ विजू खोटे, आणि मुलगी भावना बलसावरही मालिकेत. म्हणजे खोट्यांचं घरच! साचे इथेही तेच, पण विजू खोट्यांचा विठ्ठल बापूराव पोटे अडखळला की मराठी माणूस स्वतःलाच हसत होता. आणि टॉम ऑल्टरच्या रूपाने चक्क गोरा साहेब बाकावर बसला होता. खुर्च्यांची अदलाबदल झाली की त्याच विनोदाची चव बदलते ती अशी.

हे सगळं आज डोक्यात यायचं कारण म्हणजे आमचं भूगाव. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधन आणि मग आम्ही. मुळशी तालुक्यातलं हे गाव आता इमारतींनी भरलंय आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं राज्य राहतंय. आमच्या सोसायटीत ओडिशाचा एक शेजारी मनापासून मराठी बोलायचा. "मी येते हं," असं हा सहा फुटी बाप्या म्हणायचा. मग लिफ्टमध्ये त्याची नक्कल सुरू झाली, गणपतीत स्टेजवरही झाली. आता तो हिंदीच बोलतो. आणि नक्कल करणारे तेच लोक म्हणतात, "इतकी वर्षं राहतात, पण मराठी शिकत नाहीत!"

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सोसायटीत पेढे वाटले. छानच झालं. पण भाषा वाढते ती "मी येते" पासून "मी येतो" पर्यंतच्या रस्त्यावर. तो रस्ता चालणाऱ्याला हसावं, जरूर हसावं, तोही हसेल. फक्त त्याला कधीतरी पास होऊ द्यावं. नाहीतर आपला वर्गही एकोणतिसाव्या भागालाच बंद पडायचा.