मुखत्यारपत्र

मुखत्यारपत्र : एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस आपल्या नावाने व आपल्या वतीने कृती करण्याचा अधिकार देणारा लेख. अधिकार देणाऱ्यास प्रकर्ता व तो घेणाऱ्यास मुखत्यार म्हणतात. अनेक प्रकारच्या व्यवहारांसाठी दिलेल्या लेखास कुलमुखत्यारपत्र, तर विशिष्ट कामापुरत्या दिलेल्या लेखास खास मुखत्यारपत्र अशी संज्ञा आहे. वार्धक्यामुळे किंवा आजारामुळे प्रकर्त्याची आकलनशक्ती नष्ट झाल्यानंतरही अंमलात राहणारे मुखत्यारपत्र चिरस्थायी समजले जाते. इंग्लंड, अमेरिका इ. देशांत त्यास कायद्याची मान्यता आहे. भारतीय कायद्यात मात्र तशी तरतूद नाही.

‘मुखत्यार’ हा शब्द मूळ अरबी असून तो फार्सीतून मराठीत आला. संस्था या दृष्टीने ही कल्पना महाराष्ट्रास जुनी आहे. मराठी राज्यात मोठे सरदार व वतनदार आपल्या हुद्द्याचे काम मुतालिकाकडून करवीत. अठराव्या शतकातील प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव हे याचे परिचित उदाहरण होय. मुतालिकाचा अधिकार मूळ हुद्देदाराच्या नावाने चाले. १७८४ मध्ये मोगल बादशहा शाह आलम याने पेशव्यांस ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिले आणि महादजी शिंदे यांस त्यांचे नायब म्हणून नेमले. म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी मुखत्यार पेशवे, आणि त्यांच्या वतीने प्रत्यक्ष कारभार पाहणारे महादजी, अशी प्रतिनिधित्वाची दुहेरी साखळी येथे दिसते. ब्रिटिश अंमलात १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या अधिनियमात वतनदाराऐवजी नायब नेमण्यासंबंधी तरतुदी करण्यात आल्या.

आधुनिक कायद्याचा पाया भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याने घातला. त्याच्या १८२ व पुढील कलमांत अभिकरणाचे नियम आहेत. मुखत्यार हा अभिकर्ताच असल्यामुळे त्यास हेच नियम लागू पडतात. कलम २०१ नुसार प्रकर्ता अथवा अभिकर्ता मरण पावल्यास किंवा मनोविकल झाल्यास अभिकरण संपुष्टात येते. या नियमामागील तर्क असा, की मुखत्यार प्रकर्त्याच्या इच्छेने चालतो. जेथे इच्छा करणारे मनच राहिले नाही, तेथे तिच्यावर आधारलेला अधिकारही राहत नाही. कलम २०९ प्रमाणे अशा वेळी हाती सोपविलेल्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी वाजवी ती पावले उचलणे एवढेच अभिकर्त्याचे कर्तव्य उरते.

या नियमास कलम २०२ हा महत्त्वाचा अपवाद आहे. अभिकरणाच्या विषयात अभिकर्त्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्यास बाध येईल अशा रीतीने अभिकरण संपत नाही. जमीन विकून आलेल्या पैशातून आपले येणे फेडून घेण्याचा अधिकार धनकोस दिला असल्यास ऋणकोच्या मृत्यूने किंवा मनोविकलतेनेही तो नाहीसा होत नाही, असे उदाहरण अधिनियमातच दिलेले आहे. परिणामी येणे वसूल करणाऱ्या धनकोचा अधिकार टिकतो; पण आजारी पित्याच्या औषधपाण्यासाठी त्याच्या खात्यातून पैसे काढणाऱ्या मुलाचा अधिकार मात्र टिकत नाही.

मुखत्यारपत्रांसंबंधी स्वतंत्र अधिनियम १८८२ मध्ये झाला. प्रकर्त्याचा मृत्यू, मनोविकलता वा अधिकार रद्द झाल्याची माहिती नसताना सद्‌भावाने केलेल्या कृतीस त्याच्या कलम ३ ने संरक्षण दिले आहे. कलम ४ अन्वये मुखत्यारपत्र उच्च न्यायालयात ठेवता येते. दस्तऐवज नोंदणीसाठी सादर करावयाचे मुखत्यारपत्र नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे निबंधक वा दुय्यम निबंधक यांच्यासमोर निष्पादित व अधिप्रमाणित करावे लागते. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीस हजेरीतून सूट असून अधिकाऱ्यास तिच्या घरी जाऊन खात्री करून घेता येते. परदेशस्थ व्यक्तीस नोटरी, न्यायालय अथवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर ते करता येते; भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

ठाणे शहरातील वर्तकनगरासारख्या वस्तीत या नियमांचा प्रत्यक्ष अनुभव येतो. पोखरण रस्त्यालगतच्या कारखान्यांच्या आणि गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींच्या आधाराने ही वस्ती वाढली. तेथील पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे आणि अनेक कुटुंबांतील मुले परगावी वा परदेशी आहेत. सदनिका, निवृत्तिवेतन व बँकेतील ठेव हीच अशा कुटुंबांची मुख्य मालमत्ता असते. इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी संमती, करारनामा व तात्पुरत्या घराची व्यवस्था यांसाठी सभासदाची सही वारंवार लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार मुखत्यारास सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेस उपस्थित राहता येत नाही. करारावर मुखत्यार सही करू शकतो. पण सभासदास स्मृतिभ्रंशाने ग्रासले असल्यास तोही मार्ग कायद्याने बंद होतो. ज्या प्रसंगासाठी कुटुंबाने कागद करून ठेवला, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो.

मुखत्यारपत्राचा गैरवापरही मोठ्या प्रमाणावर झाला. मुद्रांक शुल्क व हस्तांतरणावरील निर्बंध टाळण्यासाठी खरेदीखताऐवजी कुलमुखत्यारपत्र, करारनामा व मृत्युपत्र एकत्र करून घरे विकली जात. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात अशा कागदांनी मालकी हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. मात्र कुटुंबीयांस व्यवहार पाहण्यासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रांस त्याची बाधा नसल्याचेही स्पष्ट केले. मोबदला घेऊन स्थावर विकण्याचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क आकारले जाते.

इंग्लंडमध्येही पूर्वी भारतासारखाच नियम होता. १९८५ च्या अधिनियमाने तेथे प्रथम टिकाऊ मुखत्यारपत्रास मान्यता मिळाली. पुढे मानसिक क्षमता अधिनियम, २००५ खाली १ ऑक्टोबर २००७ पासून चिरस्थायी मुखत्यारपत्राची पद्धती सुरू झाली. त्याचे मालमत्ताविषयक आणि आरोग्य व कल्याणविषयक असे दोन प्रकार आहेत. प्रकर्ता प्रौढ व सक्षम असावा लागतो. तो लेख समजून व दबावाविना करीत आहे, असे त्रयस्थाने प्रमाणित करावे लागते. आणि सार्वजनिक पालकाच्या कार्यालयात नोंदणी झाल्याखेरीज लेख वापरता येत नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये घटक राज्यांसाठी या विषयावरील नमुना अधिनियम तयार झाला. जपानमध्ये २००० पासून करारान्वये भावी पालक नेमण्याची सोय आहे.

भारतात १९१२ चा वेडेपणाविषयक अधिनियम व त्यानंतरचा मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ यांत मनोविकल व्यक्तीच्या मालमत्तेसाठी न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये ती राहिली नाही. या अधिनियमाखाली पूर्वनिर्देश देता येतो व नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो; परंतु त्यांचा संबंध उपचारांशी आहे, मालमत्तेशी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात मर्यादित पालकत्वाची कल्पना असून तीत व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्त निर्णय घेणे अभिप्रेत आहे. बेशुद्धावस्थेत खिळलेल्या व्यक्तीबाबत मात्र कायद्यात पोकळी राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती उज्जल भुयाँ व मिलिंद जाधव यांच्या खंडपीठाने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अशा एका रुग्णाच्या पत्नीस पालक म्हणून मान्यता दिली.

तेव्हा सध्याच्या स्थितीत, क्षमता असतानाच उपलब्ध साधनांची योग्य सांगड घालणे एवढेच नागरिकाच्या हाती आहे. मुखत्यारपत्र शारीरिक दुर्बलतेच्या काळात उपयोगी पडते. मृत्युपत्र मृत्यूनंतर अंमलात येते. या दोहोंमधील अवस्थेत भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खालील न्यास टिकून राहतो, मात्र स्थावर मालमत्तेच्या बाबतीत त्यास नोंदणी व मुद्रांकाचा खर्च येतो. अन्यथा उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावणे एवढाच मार्ग उरतो. वाढत्या आयुर्मानामुळे चिरस्थायी मुखत्यारपत्राची गरज भारतातही भासू लागली आहे. त्यासाठी कायदा करताना प्रकर्त्याच्या इच्छेचा मान आणि नातलगांकडून होऊ शकणाऱ्या अपहारापासून त्याचे संरक्षण, या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतील.

पहा : अभिकर्ता, न्यास, मृत्युपत्र.