शास्त्रांच्या शिवेवरील संशोधन : पुण्याचा अनुभव

पीएच्. डी. पदवीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नोव्हेंबरांत नव्यानें प्रसिद्ध केले. दोन वा अधिक शास्त्रांशीं संबद्ध असा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःच्या विभागाबाहेरील, किंबहुना विद्यापीठाबाहेरील, सहमार्गदर्शक घेण्याची मुभा त्यांत आहे. त्यापूर्वीं दोन वर्षें आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि बहुविद्याशाखीय अभ्यासाचा पुरस्कार केला होता. तेव्हांपासून विद्यापीठांच्या पत्रकांत 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द फार दिसूं लागला आहे. शब्द बोजड आहे. संस्कृतज्ञाच्या कानास तर तो खटकतोच. परंतु आमची तक्रार शब्दाविषयीं नाहीं. ही कल्पना जणूं काल जन्मास आली अशा समजुतीनें तिची मांडणी होते, याविषयीं आहे. पुण्यांत हा प्रयोग १९३९ पासून, ठराविक वास्तूंत व ठराविक व्यक्तींकडून झालेला आहे. त्यांत काय साधलें व काय निसटलें हें छापील ग्रंथांवरूनच पाहतां येतें. जुन्या पोथ्या व दप्तरें बाळगणाऱ्या आमच्या वाचकांचा त्यांत काय संबंध, हें लेखाच्या उत्तरार्धांत स्पष्ट होईल.

डेक्कन कॉलेजचा पूर्वेतिहास बहुश्रुत असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. पेशवाईंतील दक्षिणेच्या रकमेंतून एल्फिन्स्टननें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्यांत जी संस्कृत पाठशाळा काढली, तिचेंच रूप पालटत पालटत १८६४ सालीं डेक्कन कॉलेज झालें, व १८६८ मध्यें तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. कीलहॉर्न व भांडारकर यांनीं तेथें संस्कृत शिकविलें. सरकारी खर्चानें गोळा केलेलीं हस्तलिखितें त्याच कॉलेजांत असत; भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्यें स्थापन झाल्यावर तीं तिकडे गेलीं. १९३४ सालीं सरकारनें कॉलेज बंद केलें. माजी विद्यार्थी न्यायालयापर्यंत गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजीं तें पुन्हां उघडलें तें पदव्युत्तर अध्ययन व संशोधन यांचें स्थान म्हणून. भाषाशास्त्रास डॉ. सु. मं. कत्रे, पुरातत्त्वास डॉ. हसमुख सांकळिया, समाजशास्त्रास डॉ. इरावतीबाई कर्वे, मराठ्यांच्या इतिहासास त्र्यं. शं. शेजवलकर अशी ही मंडळी एका छपराखालीं आली. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रहहि त्याच सुमारास तेथें आला. अध्यापक मूठभर, आणि पदवीपूर्व वर्गांचा कोलाहल नाहीं. एकमेकांच्या खोलींत न जाणें हेंच तेथें अवघड होतें.

पहिला उल्लेखनीय नमुना भाषाशास्त्राचा आहे. कै. डॉ. म. अ. मेहेंदळे (हे शंभरी ओलांडून २०२० सालीं निवर्तले) यांचा कोरीव लेखांतील प्राकृतांच्या ऐतिहासिक व्याकरणावरील प्रबंध १९४८ मध्यें कॉलेजच्या प्रबंधमालेंत छापला गेला. ग्रंथांतील प्राकृत नकलाकारांच्या अनेक पिढ्यांच्या हातून आपल्यापर्यंत येतें, व प्रत्येक हात त्यांत कांहीं ना कांहीं दुरुस्त करितो. शिलालेखाचें तसें नाहीं. तो जेथें कोरला तेथेंच बहुधा सांपडतो, आणि कोणत्या शतकांतला हेंहि बरेचदां सांगतां येतें. म्हणून भाषेच्या इतिहासास शिलालेख हें अव्वल साधन. परंतु त्यासाठीं वैयाकरणास लिपि आली पाहिजे. नुसतें छापील वाचन पुरत नाहीं. अशोकाच्या शासनांत गिरनारला 'राजा' तर धौलीला 'लाजा' असें येतें. हा बोलींतला खरा भेद आहे. उलट शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांत दीर्घ स्वर कोठेंच दाखविलेला नाहीं. लिपि न जाणणारा यावरून वायव्येकडील लोकांच्या तोंडीं दीर्घ स्वर उरलाच नव्हता असें अनुमान काढील. तें निराधार होय. कारण हे लेख खरोष्ठींत आहेत, व ऱ्हस्वदीर्घ वेगळे लिहिण्याची रीत त्या लिपींत त्या काळीं नव्हती. एका शास्त्रांतलें अज्ञान दुसऱ्या शास्त्रांत सिद्धान्त होऊन बसतें तें असें.

दुसरा नमुना मातींतला. डॉ. सांकळिया गुजराथच्या पुरातत्त्वावर लंडनला प्रबंध लिहून आले होते. १९४० नंतरच्या दशकांत उत्तर गुजराथेंतील लांघणज येथें त्यांस वाळूच्या टेकाडांत दगडाचीं अगदीं बारीक हत्यारें, व त्यांबरोबर पाय पोटाशीं घेतलेले मानवी सांगाडे मिळाले. हत्यारें त्यांस वाचतां येत होतीं. हाडें वाचणें हें निराळें काम. तें करणारी व्यक्ति त्याच इमारतींत होती. इरावतीबाईंनीं बर्लिनला कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवर प्रबंध लिहिला होता. दोघांनीं मिळून लांघणजची पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९४९ मध्यें अमेरिकेंतील मानवशास्त्राच्या नियतकालिकांत त्यांचा जोडलेख आला. प्राण्यांच्या हाडांत गेंडा निघाला, म्हणजे आज रुक्ष असलेल्या त्या प्रदेशांत एके काळीं पाणथळ व उंच गवत असलें पाहिजे, हें तिसऱ्याच शास्त्राचें अनुमान त्याच खड्ड्यांतून वर आलें. पुढें १९५३ सालीं इरावतीबाईंनीं भारतांतील नातेसंबंधांवर जो ग्रंथ दिला, त्यांत संस्कृत ग्रंथांतील पुरावा, नात्यांचे प्रांतोप्रांतींचे शब्द आणि प्रत्यक्ष विचारपूस हीं तिन्ही एकत्र आलीं आहेत. संस्कृतज्ञांनीं तो ग्रंथ वाचावा तितका वाचला नाहीं, असें आमचें मत आहे.

या दोन्ही उदाहरणांत कोणीहि अर्धें हें व अर्धें तें शिकलेला नव्हता, हें ध्यानांत घ्यावें. प्रत्येकाचें एक शास्त्र पक्कें होतें. दुसऱ्या शास्त्राचा प्रश्न कोणता व तो कोणास विचारावा, एवढें त्यास कळत होतें.

याहून पुढें गेलेलीं, म्हणजे दोन्ही शास्त्रें एकाच माणसांत पक्कीं असलेलीं, उदाहरणें पुण्यांत झालीं. आणि दोन्हींत दुसरें शास्त्र गणित निघतें हा योगायोग मौजेचा आहे. कै. डॉ. वि. सी. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले व नंतर बर्लिनला ल्यूडर्सपाशीं संस्कृताकडे वळले. १९२५ पासून १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें संपादन केलें. प्रतींचीं कुळें लावण्याची त्यांची रीत, कोणता पाठ कोणत्या कुळांत आहे व कोणत्यांत नाहीं यावरून मूळाकडे जाण्याची शिस्त, ही आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेंत ज्यानें वाचली असेल, त्यास तिच्या मागची गणिती शिकवण वेगळी सांगावी लागत नाहीं.

दुसरे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी. हे मूळचे गोमंतकीय. १९३३ ते १९४५ फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. तक्षशिलेस सांपडलेल्या निधींतील आहत नाणीं त्यांनीं एकामागून एक तराजूंत घातलीं. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. पुष्कळ फिरलेल्या नाण्यांचें सरासरी वजन कमी भरतें, आणि वजनांतली तफावत वाढते. नाण्याच्या पाठीवरील चिन्हांची संख्या जसजशी वाढते तसतसें सरासरी वजन उतरतें, असें त्यांस दिसून आलें; म्हणजे हीं पाठीवरचीं चिन्हें वेळोवेळीं पारखणाऱ्यांनीं उमटविलेलीं. तोंवर चिन्हांचे अर्थ लावण्यांतच विद्वानांची बुद्धि खर्ची पडत होती. सर्वांचीं वजनें घेऊन त्यांवरून क्रम लावण्याचें कोणास सुचलें नव्हतें. याच गृहस्थांनीं १९४८ मध्यें भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ति काढली, तीहि तीनशेंहून अधिक हस्तलिखितांच्या आधारें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पांच प्रतींचे पाठभेद स्वहस्तें टिपले असतील त्यांस या आंकड्याचा अर्थ सांगणें नको.

कोसंबी हे हार्वर्डचे बी. ए.; पीएच्. डी. नव्हते. राजवाडे डेक्कन कॉलेजचे बी. ए. असून व्याकरण, स्थलनामें, दप्तरें, समाजरचना या साऱ्यांत स्वच्छंद फिरले. मूर्तिविज्ञान, फार्सी साधनें व कालगणना हीं तिन्ही हाताळणारे ग. ह. खरे यांसहि पदवीचा आधार नव्हता. यावरून पदवीची आवश्यकताच नाहीं असें म्हणणारे पुण्यांत पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत नाहीं. राजवाड्यांच्या व्युत्पत्तींपैकीं कित्येक आज टिकत नाहींत. त्यांच्या शेजारीं कत्र्यांसारखा रोज हटकणारा भाषाशास्त्रज्ञ असता तर त्यांतल्या बऱ्याचशा छापल्याच गेल्या नसत्या. विद्यापीठाचा उपयोग तोच आहे. असामान्य माणसास विद्यापीठ लागत नाहीं हें खरें, परंतु पीएच्. डी. चे नियम असामान्य माणसांसाठीं करावयाचे नसतात.

पुढील काळांत खोल्यांच्या प्रयोगशाळा झाल्या. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ उत्खनन चाललें व त्याचा वृत्तान्त १९८८ मध्यें निघाला. जळक्या धान्याचे दाणे एकानें पाहिले, जनावरांचीं हाडें दुसऱ्यानें, मानवी सांगाडे व दांत तिसऱ्यानें. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशें वर्षांतील शेतकऱ्यांचें गांव, त्यांचीं चौकोनी घरें, उत्तरकाळांतल्या गोल झोपड्या, मुलांचीं कुंभांतील दफनें हें सर्व त्यांतून उभें राहिलें. सातवाहनांच्या मागें काय होतें हें महाराष्ट्रास अशाच कामांनीं कळलें. त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूनें पाहतां येथें एक पालट झाला. लांघणजला दोन शास्त्रें समोरासमोर बसून वाद घालीत होतीं. येथें तीं एका पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रकरणांत बसलीं. हाडांवर प्रबंध लिहिणाऱ्यास हाडांचें प्रकरण येतें, भांड्यांवर लिहिणाऱ्यास भांड्यांचें. सगळें मिळून काय झालें हें ठरविणें संपादकाकडे राहतें.

हें किती महाग पडतें तें राखीगढीच्या प्रकरणीं दिसलें. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांतील अनेक नमुने तपासल्यावर अखेर एकाच व्यक्तीचा वंशद्रव्याचा लेख वाचतां आला, व तो २०१९ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाला. काम मोलाचें आहे. परंतु लगेच वर्तमानपत्रांतून आर्यप्रश्नाचा निकाल दोन्ही पक्षांनीं आपापल्या बाजूनें लावून टाकला. एका हाडावरून ती व्यक्ति कोणती भाषा बोलत होती हें कळत नाहीं, ही साधी गोष्ट कोणत्याहि भाषाशास्त्रज्ञानें सांगितली असती. ती सांगणारा विभाग तर त्याच आवारांत आहे.

आतां पोथ्यांकडे वळूं. कत्रे यांनीं १९४१ मध्यें संहिताचिकित्सेवर इंग्रजींत पाठ्यपुस्तक लिहिलें. परशुराम कृष्ण गोडे यांनीं भांडारकर मंदिरांत बसून शाई, कागद, तंबाखू, दारूकाम अशा विषयांचा इतिहास हस्तलिखितांतून वेंचून काढला. अक्षर आणि वस्तु यांची सांगड घालणारा त्यांच्याइतका मोठा अभ्यासक आमच्या माहितींत नाहीं. आज शाई व कागद तपासण्याचीं यंत्रें आलीं आहेत आणि तरुण विद्यार्थी तीं घेऊन संग्राहकांच्या दारीं येत आहेत. त्यांचें स्वागतच आहे. परंतु पुढील प्रकार विचारांत घ्यावा.

एका पोथीच्या पुष्पिकेंत शके १६००, कालयुक्त संवत्सर, मास, तिथि व वार दिले आहेत, म्हणजे इ. स. १६७८-७९. कागद उजेडाशीं धरतां विलायती जलचिन्ह दिसतें व त्यांत १८३० च्या सुमाराचें साल आहे. यंत्र घेऊन आलेला विद्यार्थी 'बनावट' असा शेरा लिहील. ज्यास पुष्पिका वाचतां येते व जंत्री पाहतां येते, तो आधीं तिथीशीं वार ताडून पाहील. जंत्रीवांचून मागाहून साल रचणाऱ्याचा वार सातांत एकदांच जुळावयाचा. येथें जर संवत्सर व वार दोन्ही चोख जुळले, तर बहुधा अर्थ असा कीं नकलाकारानें मूळ प्रतीची पुष्पिका जशीच्या तशी उतरून घेतली. मग ही पोथी बनावट नसून शके १६०० च्या हरवलेल्या प्रतीची साक्षीदार आहे. पहिल्या शेऱ्यानें ती रद्दींत जाते, दुसऱ्यानें तिची किंमत वाढते. उलट नुसत्या जंत्रीवर विसंबणारा पंडित ती पोथीच सतराव्या शतकांतली ठरवून मोकळा होईल. तेंहि तितकेंच वाईट. वतनांच्या व इनामांच्या कागदांविषयीं तर अशा एका शेऱ्यानें घराण्यांचे हक्क व अब्रू दोन्ही पणास लागतात.

म्हणून आमची सूचना अशी आहे. विद्यापीठांनीं हस्तलिखितांच्या भौतिक तपासणीवर प्रबंध लिहिणाऱ्यास मोडी अथवा बाळबोध पोथीचें एक पान परीक्षकासमोर वाचावयास लावावें, व संहितेवर प्रबंध लिहिणाऱ्यास कागदाची जात, घडण व जलचिन्ह ओळखावयास लावावें. नव्या नियमांत पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यास पाठ्यक्रमाचे किमान बारा श्रेयांक पुरे करावेच लागतात; त्यांतले चार यास दिले तर निराळा खर्च नाहीं. शं. बा. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ पासून मराठींत उपलब्ध आहे. कालगणनेसाठीं परभाषेकडे जावें लागत नाहीं. (दीक्षित शिक्षकी पेशांतलेच, हें जातां जातां सांगण्याचा मोह आवरत नाहीं.) आणि सहमार्गदर्शक घेण्याची जी मुभा आहे ती नुसती सहीपुरती न राहतां दोन्ही मार्गदर्शकांनीं विद्यार्थ्यास महिन्यांतून एकदां तरी एकत्र बसवून घ्यावें, अशी अट असावी.

विद्यापीठें हें करतील तेव्हां करोत. संग्राहकांस त्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दार त्यांचें आहे. पोथी दाखविण्यापूर्वीं तिच्या पुष्पिकेची नक्कल विद्यार्थ्याकडून करून घ्यावी आणि शक, संवत्सर, तिथि व वार यांचा मेळ त्यानेंच घालून दाखवावा, मग यंत्र लावावें. आमच्याजवळच्या थोड्या पोथ्यांपुरती ही अट आम्हीं चार वर्षांपूर्वीं घातली. आलेल्या सहांपैकीं दोघे परत फिरले, तिघांनीं ती कशीबशी पुरी केली. सहावी रसायनशास्त्राची पदवीधर होती. तिचें मोडीवाचन आज आमच्याहून वेगवान् आहे.