डोळे आपोआप मिटण्याच्या आजारात विसरायला का होतं?

डोळा लवला की तो शुभ की अशुभ, अशी चर्चा आपल्याकडे लगेच सुरू होते. थकवा, जागरण किंवा जास्त चहा-कॉफीमुळे पापणी फडफडते आणि बहुतेकदा काही दिवसांत आपोआप थांबते. पण दोन्ही डोळे वारंवार घट्ट मिटत असतील आणि उघडायला त्रास होत असेल, तर तो ब्लेफरोस्पाझम असू शकतो. सोबत जबडा आणि ओठही आखडत असतील तर त्याला मेझ सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट आन्री मेझ यांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

मेंदूशी संबंध काय?

हा आजार डोळ्यांचा वाटला तरी त्याचं मूळ मेंदूत असतं. हालचालींवर नियंत्रण ठेवणारा बेसल गँग्लिया हा भाग मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेला असतो. लक्ष देणं, कामाची आखणी करणं, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणं ही कामंही याच जोडणीवर चालतात. त्यामुळे काही रुग्णांना यात अडचण येते. सगळ्यांना ती येतेच असं नाही. ब्लेफरोस्पाझम म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात, असंही नाही.

चेहऱ्याची एकच बाजू आखडत असेल तर तो बहुधा हेमिफेशियल स्पाझम असतो. त्यात सहसा रक्तवाहिनीचा दाब चेहऱ्याच्या नसेवर पडतो. म्हणजे त्याचं मूळ वेगळं असतं.

इतर कारणं कोणती?

- औषधं: ट्रायहेक्सीफेनिडिलमुळे विसराळूपणा आणि गोंधळ वाढू शकतो, विशेषतः वयस्कर लोकांमध्ये. क्लोनाझेपॅममुळे गुंगी येते.
- नैराश्य, चिंता, अपुरी झोप: या आजारात हे त्रास बऱ्याच जणांना होतात. त्यांचाही एकाग्रतेवर परिणाम होतो.
- आजाराचाच व्यत्यय: डोळे सतत मिटत असतील तर वाचलेलं लक्षात राहणं अवघडच.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. म्हणूनच ‘वय झालं’ म्हणून विषय सोडून देऊ नये.

काय करावं?

बोटॉक्सच्या इंजेक्शनने आखडलेले स्नायू सैल होतात. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. परिणाम साधारण तीन महिने टिकतो. मात्र हा उपचार स्नायूंचा आहे, स्मरणशक्तीचा नाही. त्यामुळे विसरायला होत असेल तर न्यूरोलॉजिस्टना ते वेगळं सांगा. त्रास कधी सुरू झाला आणि त्या सुमारास कोणती गोळी सुरू झाली किंवा वाढवली, हे लिहून न्या. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

आणि बोलताना समोरच्याचे डोळे मिटले, तर त्याचं लक्ष नाही असं लगेच समजू नका. तो कदाचित सगळं ऐकत असेल.