अप्सरा ज्या वाटेने आसरा झाली

दिवाळीत बहिणीकडे वाशीमला गेलो, तर दहावीतली भाची ओसरीवर पालथी पडून हॉली ब्लॅकची 'द क्रूएल प्रिन्स' वाचत होती. शेजारी फराळाचं ताट तसंच. कशाबद्दल आहे, असं विचारलं, तर म्हणाली, "एक माणसाची मुलगी 'फे' लोकांच्या राज्यात वाढते, आणि तिथल्या दुष्ट राजपुत्राच्या..." पुढचं वाक्य तिनं आजीकडे बघून गिळलं. मग म्हणाली, "मामा, 'फे'ला मराठीत काय म्हणायचं? परी म्हटलं की हसू येतं. परी म्हणजे बर्थडेचा फ्रॉक."

अडचण खरी होती. २०१८ साली आलेल्या त्या कादंबरीतले फे देखणे आहेत आणि क्रूरही. त्यांना खोटं बोलता येत नाही, पण शब्दांत पकडून ते माणसाला नाचवतात. त्यांचं फळ खाल्लं की भान सुटतं, आणि त्यावर उतारा मिठाचा. चांदीची छडी फिरवून भोपळ्याची गाडी करणाऱ्या परीशी यांची सोयरीक जुळायची कशी?

पण परीही जन्मतः इतकी गोड नव्हती. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचं मूळ रूप अवेस्तात 'पइरिका' असं सापडतं, आणि ती तिथे माणसाला भुलवून वाटेवरून ढळवणारी दुष्ट बाई आहे. तिच्या जोडीला नाव येतं ते 'यातू'चं. यातू म्हणजे चेटूक आणि ते करणारा. ऋग्वेदातला 'यातुधान' याच घरातला, आणि आपला 'जादू' हा शब्द त्याच यातूचं फारसी रूप. म्हणजे जादू आणि परी ही जोडी अडीच हजार वर्षांहून जुनी, फक्त तेव्हा दोघांच्या नावानं लोक कानावर हात ठेवत. पुढे इराणच्या कवींनी परीला रूप दिलं, आपण तिला पंख दिले आणि बालवाडीच्या स्नेहसंमेलनात उभं केलं.

इंग्रजी 'फेअरी'चा आणि परीचा तर काडीचा संबंध नाही. सारखे वाटतात एवढंच. फेअरीचं मूळ लॅटिन 'फाता', म्हणजे दैव ठरवणाऱ्या देवता. 'फातुम' म्हणजे जे बोललं गेलं ते, टळणार नाही असं बोलणं. फ्रेंचमध्ये फाताची 'फे' झाली, आणि फे मंडळींची माया, त्यांचा मुलूख म्हणून 'फेरी' हा शब्द आला. आधी ते जागेचं आणि जादूचं नाव होतं, प्राण्याचं मागाहून. शार्ल पेरोनं १६९७ साली झोपलेल्या राजकन्येची गोष्ट छापली. तीत बारशाला सात फे बोलावल्या जातात, आणि बोलवायची राहिलेली एक म्हातारी येऊन शाप देऊन जाते. पाळण्यापाशी येऊन बाळाचं पुढचं सगळं ठरवणारी बाई आपल्याला नवी नाही. सहाव्या रात्री येते, कपाळावर लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. षष्ठीची सटवी झाली, सटवीची सटवाई. फेचा खरा अर्थ विचाराल, तर तो परीपेक्षा सटवाईच्या जास्त जवळ आहे.

हे मी भाचीला सांगत होतो, तोवर वाती वळत बसलेल्या तिच्या आजीनं विचारलं, "काय वाचून राह्यली व ही मघापासून?" भाचीनं गोष्ट सांगितली. राजपुत्र वगळून. आजी म्हणाल्या, "ह्या त आपल्या आसराच होत. पान्यापाशी राह्यतेत. दिसाले सुंदर, पन नादी नोको लागू."

मी पुस्तकं धुंडाळून जिथे पोचलो नसतो, तिथे आजी वाती वळता वळता पोचल्या होत्या.

साती आसरा विहिरीच्या, तळ्याच्या, नदीच्या डोहाच्या काठी असतात. सात दगड, शेंदूर, जवळपास कुठेतरी म्हसोबा राखणीला. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, ओटी. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून पाण्यावर जायचं नाही, नाहीतर आसरा 'लागतात'. आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी माणसं फे मंडळींचं नाव घ्यायला भीत आणि 'भले लोक', 'चांगले शेजारी' असं म्हणत. आपणही भुताला 'बाहेरचं' म्हणतो, आणि काही भागांत या सात जणींना 'मावलाया' म्हणतात. ज्याची भीती, त्याला आईच्या नावानं हाक मारून ठेवलेली बरी.

हा आसरा शब्द 'थारा' या अर्थाच्या आसऱ्याहून वेगळा. तो आश्रयावरून आला, ही अप्सरेवरून. 'अप्' म्हणजे पाणी, 'सृ' म्हणजे सरकणं, वाहणं. पाण्यातून वावरणारी ती अप्सरा. इंद्राच्या दरबारात गेलेली अप्सरा नाच शिकली आणि तिनं तपश्चर्या मोडायचं काम पत्करलं. गावात राहिलेल्या तिच्या बहिणींनी मात्र पाणी सोडलं नाही. शब्दाचा मूळ अर्थ त्यांनीच राखला.

आता अप्सरेची आसरा कशी झाली ते बघा. संस्कृतातला 'प्स' आणि 'त्स' प्राकृतात 'च्छ' होतो, आणि मराठीत येता येता त्या 'च्छ'चा 'स' होतो, पुढे इकार असेल तर 'श'. मत्स्य, मच्छ, मासा. वत्स, वच्छ, आणि त्यावरून वासरू. अप्सरा, अच्छरा, आसरा. याच वाटेनं एक गावही चालत आलं आहे. वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम.

भाची उठून बसली. "म्हणजे आपलं वाशीम?"

आपलंच. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली इथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट काही संस्कृतात, काही प्राकृतात आहे. म्हणजे संस्कृत आणि प्राकृत दोन्ही या गावानं एकाच ताम्रपटात नांदवल्या. शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा स्वतः प्राकृत कवी. त्याच्या 'हरिविजया'चा विषय काय, तर रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजातक आणला तो. ग्रंथ हरवला, पुढच्या साहित्यशास्त्र्यांनी घेतलेल्या उताऱ्यांतून त्याची ओळख उरली. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचं १७ व्या क्रमांकाचं लेणं रंगलं. तिथली अप्सरा प्रसिद्ध आहे. ती उडते आहे हे चित्रकारानं पंख न देता सांगितलंय, गळ्यातले मोत्यांचे सर वाऱ्यानं एका बाजूला कलवून.

आणि दहाव्या शतकाच्या आगेमागे राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त जी गोष्ट रचली, ती भाचीच्या पुस्तकाच्या फळीवर सहज खपेल. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला बांधून ठेवायला प्रेमासारखं दुसरं काही नाही, म्हणून गौरी एक मुलगी निर्माण करते, साहित्यविद्या. ती त्याच्या मागे निघते. पूर्वेला जाते, पांचालात जाते, अवंतीला जाते, प्रत्येक देशी वेगळा वेष, वेगळा नाच. पूर्वेला हा ढिम्म, म्हणून तिथली बोलण्याची रीत समासांनी जड. पुढे थोडा थोडा विरघळतो. दक्षिणेत मात्र पुरता तिचा होतो, आणि तिथे जी भाषा त्याच्या तोंडून येते ती वैदर्भी. दोघांचं लग्न लागतं विदर्भातल्या वत्सगुल्मात, गांधर्व पद्धतीनं. प्राकृतात लिहिताना याच रीतीला राजशेखर गावाच्या नावानं 'वच्छोमी' म्हणतो. आपल्या मराठीत सांगायचं तर वाशीमची बोली.

गांधर्व म्हणजे गंधर्वांच्या रीतीचं. गंधर्व हे अप्सरांचे जोडीदार. ना भटजी, ना मुहूर्त, ना आईबापांची बैठक, दोघांच्या मनात आलं की लग्न. भाचीनं पुन्हा एकदा आजीकडे पाहिलं. आजी वाती मोजत होत्या.

"पण मग या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय?" भाचीचा प्रश्न तसाच होता. समीक्षक 'अद्भुतरम्य' म्हणतात. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा' या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्याच जातीच्या. पण अद्भुतरम्य हा शब्द दहावीच्या तोंडी बसायचा नाही. मी म्हटलं, नुसतं 'कादंबरी' म्हण. पुरे आहे.

कारण कादंबरी हे मुळात एका मुलीचं नाव. सातव्या शतकात बाणभट्टानं तिची गोष्ट लिहायला घेतली, ती अर्धी टाकून तो गेला आणि मुलानं पुरी केली. कादंबरीचा बाप गंधर्वांचा राजा, आई मदिरा ही अप्सरांच्या कुळातली. माणसांचा राजपुत्र चंद्रापीड वाट चुकून तिच्या मुलखात पोचतो आणि दोघं एकमेकांवर जीव टाकतात. मग विरह, शाप, मरण, पुनर्जन्म. बरंचसं निवेदन एक पोपट करतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी 'नॉव्हेल'ला मराठीत नाव हवं होतं, तेव्हा आपल्या लोकांनी त्या अप्सरेच्या मुलीचं नाव उचललं. कानडीतही तेच. इंग्रजीला 'नॉव्हेल'चा अर्थ 'नवं' एवढाच. आपण 'श्यामची आई'चं नाव काढलं, 'बनगरवाडी'चं काढलं, तरी त्यांना कादंबरी म्हणताना दर खेपेला त्या गंधर्वकन्येला हाक जाते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आजींनी वातींची जुडी बांधली. "कादंबरी हे पोरीचं नाव होय?"

"आमच्या वर्गात आहे एक," भाची म्हणाली. "तिला मराठीचा तासच आवडत नाही." मग पुस्तक उचललं, पान शोधलं, आणि बांगड्या सारख्या करत पुन्हा पालथी पडली. "तिला देते हे वाचायला. माझं होऊ दे आधी."